सर्व्हेपासून शासन निर्णयापर्यंत: मराठवाड्यातल्या संशोधकासाठी वाटाड्या

पहिल्या वर्षीच्या आमच्या फॉर्मवर प्रश्न होता, ‘आपली गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली आहे काय?’ बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावर ऊसतोडीला जाणाऱ्या एका बाईंनी ‘नाही’ सांगितलं आणि आमच्या एम.ए.च्या मुलीनं नाहीच्या चौकटीत टिक केली. फॉर्म संपला, चहा आला. चहा पिता पिता त्याच बाई म्हणाल्या, ‘‘पिशवी काढल्यापासून कंबर लई धरती बघ पोरी, मोळी उचलत नाही आता.’’

त्या दिवशी भरलेले सगळे फॉर्म बाजूला ठेवले. प्रश्न ‘पिशवी काढली का?’ असा केला आणि त्याच दारांत पुन्हा गेलो. लोकांनी हसून घेतलं, चहा मात्र पुन्हा दिला.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत कुणी पीएच.डी. करत असेल, कॉलेजात शिकवत असेल किंवा संस्थेसाठी सर्व्हे करत असेल आणि आपल्या अभ्यासानं एखाद्या कार्यालयातली एक तरी फाईल हलावी असं त्याला वाटत असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितो आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतो, हंगामी वसतिगृहाचं. आईबाप तोडीला गेले तरी मुलानं गावातच आजीजवळ राहावं, शाळा सुटू नये, म्हणून गावच्या शाळेतच जेवणाखाण्याची सोय करायची, अशी ही योजना. कागदावर चांगली आहे. ऊस तोडणाऱ्यांची टोळी निघून जाते आणि वसतिगृह नंतर उघडतं, ही तिची जुनी दुखरी जागा.

विषय नको, प्रश्न घ्या

शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाईन भांडारात, जाऊन आपल्याकडचे प्रबंध चाळा. ‘अमुक जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचा चिकित्सक अभ्यास.’ जिल्ह्याचं नाव बदला, कामगारांच्या जागी अल्पभूधारक घाला, नवा प्रबंध तयार. पदवीला हे चालतं. पण असा ग्रंथ घेऊन तुम्ही गटशिक्षणाधिकाऱ्याकडे गेलात तर तो बिचारा काय करील? ‘स्थिती’ सुधारणं त्याच्या अधिकारात नाही.

त्याऐवजी असं विचारा: ‘आपल्या तालुक्यात हंगामी वसतिगृह टोळी निघण्याआधी सुरू होतं का? नसेल तर किती दिवस उशिरा, आणि कागद कुणाच्या टेबलावर थांबतो?’ याचं उत्तर तारखांत येतं. उत्तर कळल्यावर कुणीतरी काहीतरी वेगळं करू शकतं, आणि तो कुणीतरी कोण हेही ठाऊक असतं. प्रश्न पक्का करण्याआधी तिघांना दाखवा: ज्याच्या पायात काटा आहे त्याला, गावातल्या शिक्षकाला किंवा ग्रामसेवकाला, आणि कार्यालयातल्या लिपिकाला. तिसऱ्याला बहुतेक जण विसरतात. मला सगळ्यात उपयोगी दुरुस्त्या लिपिकांनी सांगितल्या आहेत, कारण कागद कुठे अडतो हे साहेबांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

शासन निर्णय वाचायला शिका

हा भाग जरा लांबवतो, कारण विद्यापीठात हे कुणी शिकवत नाही. आपण परदेशी जर्नलमधले पन्नास लेख वाचतो आणि ज्या योजनेवर लिहितो तिचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, पाहत नाही.

शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभागानुसार, तारखेनुसार आणि संकेतांकानुसार सापडतात. उघडल्यावर पहिल्यांदा ‘वाचा’ या शब्दाखालची यादी पाहा. आधीचे कोणते निर्णय आणि पत्रं यांवर हा निर्णय उभा आहे ते तिथं असतं. ती यादी धरून मागे मागे जा, योजनेचा सगळा इतिहास हाताला लागतो. मग ‘प्रस्तावना’ वाचा. शासनाला अडचण काय वाटली होती, ते शासनाच्याच शब्दांत तिथं लिहिलेलं असतं. तुमच्या टिपणात तेच शब्द वापरा.

त्यानंतर खर्चाचं ‘लेखाशीर्ष’ शोधा, म्हणजे पैसा सरकारच्या कोणत्या खात्यातून जाणार ती नोंद. ज्या निर्णयात चांगल्या इच्छा भरपूर आहेत पण खर्च कुठून भागवायचा याचा पत्ता नाही, तो निर्णय गावापर्यंत क्वचितच पोचतो. शेवटी सही कुणाची आहे ते पाहा. बहुधा अवर सचिव किंवा उपसचिव असतात. वर क्रमांकातच कार्यासनाची खूण असते, म्हणजे मंत्रालयातलं नेमकं टेबल. आणि तळाची ‘प्रति’ची यादी तर कुणी वाचतच नाही. हा निर्णय अधिकृतपणे कुणाकुणाला गेला ते त्यात असतं. ‘‘आमच्याकडे असं काही आलेलं नाही’’ असं कुणी म्हणालं, तर त्या यादीवर बोट ठेवायचं. आवाज चढवायचा नाही.

निर्णयात नसलेलं माहिती अधिकारातून मिळवा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लागतं, आणि २००५ च्या कायद्यानं उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. नवखा माणूस विचारतो, ‘वसतिगृह उशिरा का सुरू झाले?’ ‘का’ला उत्तर मिळत नाही, कारण कायदा अभिलेख द्यायला सांगतो, खुलासा नाही. त्याऐवजी मागा: ‘तालुक्यातील प्रत्येक हंगामी वसतिगृहाच्या मंजुरी आदेशाची प्रत आणि प्रत्यक्ष सुरू झाल्याच्या दिनांकाची नोंद.’ दोन तारखांतलं अंतर तुमचं तुम्ही काढा.

दोन कॅलेंडरं

एक कॅलेंडर लोकांचं. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. डिसेंबरात गावात सर्व्हेला गेलात तर म्हातारी माणसं आणि कुलपं भेटतील. आम्ही मे ते सप्टेंबर हाच काळ धरतो. त्यातही पेरणीचे दिवस टाळायचे. पाऊस पडल्यावर फॉर्म घेऊन धुऱ्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला शिव्या मिळाल्या तर त्या त्याच्या हक्काच्या आहेत.

दुसरं कॅलेंडर सरकारचं. हंगामी वसतिगृहांचा पैसा समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या योजनेतून येतो. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. जिल्ह्याचा वार्षिक आराखडा हिवाळ्यात तयार होतो, मंजुरी नव्या आर्थिक वर्षाच्या आसपास येते. म्हणजे ऑक्टोबरात तुम्ही निवेदन दिलंत तर त्या वर्षी फार तर तारीख पुढेमागे होईल. पैसा वाढवून हवा असेल तर कागद डिसेंबरच्या आत जिल्ह्याच्या ठिकाणी पोचला पाहिजे. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो आणि त्यातले आकडे त्याच्या कितीतरी आधी ठरलेले असतात.

काही गोष्टींना वर्षं लागतात, त्याचीही तयारी ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. तोवर भूकंपाच्या नकाशात हा सगळा टापू सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. भारतीय मानकाचा नकाशा सुधारून हा भाग तिसऱ्या पट्ट्यात आला २००२ मध्ये. हजारो माणसं गेल्यावरही कागद बदलायला नऊ वर्षं लागली.

दारात गेल्यावर

भाषेचं वर सांगितलंच. आमच्या फॉर्मवर आता ‘अग्रिम’ नाही, ‘उचल’ आहे. ‘पती-पत्नी जोडी’ नाही, ‘कोयता’ आहे. ‘अनुपस्थितीचा दंड’ नाही, ‘खाडा’ आहे. फॉर्म छापण्याआधी दहा घरी तोंडी विचारून पाहा. प्रश्न ऐकून माणूस शेजाऱ्याकडे बघायला लागला की शब्द चुकला समजायचं.

मुकादमासमोर, म्हणजे उचल देऊन टोळी जमवणाऱ्या माणसासमोर, उचलीचा प्रश्न विचारू नका. तो ‘‘बसा की, मी सांगतो सगळं’’ म्हणत खाटेवर बसलेला असतो आणि त्याला उठवणं अवघड असतं. आमची युक्ती साधी आहे: एक जण मुकादमाची वेगळी, लांबलचक मुलाखत घेतो. माहिती खरंच कामाची असते, आणि तेवढ्यात बाकीचे घरोघर जाऊन येतात.

संमती म्हणजे अंगठा घेणं नव्हे. हे उत्तर कुठे जाणार, तुमचं नाव कुठे येणार नाही, मधेच थांबायचं तर थांबा, एवढं आपल्या बोलीत सांगायचं. आणि नाव गाळलं म्हणजे ओळख गेली असंही समजू नका. ‘अमुक तांड्यावरील तीन मुली असलेली विधवा’ एवढं छापलं की तालुक्याला कळतं ती कोण. आम्ही गावाचं नाव काढतो, वय पाच वर्षांच्या गटात टाकतो आणि अशा ओळखीच्या खुणा मोडतो.

आकडे आधी गावात

संशोधनपत्रिकेच्या आधी, पत्रकार परिषदेच्या आधी, अगदी गाईडच्याही आधी आकडे ज्यांचे आहेत त्यांना दाखवा. यात उपकाराचा भाग नाही. चूक सापडते म्हणून दाखवायचे.

वर्षात किमान चार ग्रामसभा होतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती कितपत होते ते सोडा, पण तुम्ही गेलात तर होते. सरपंचाला आधी पत्र द्या, विषयपत्रिकेवर नाव घाला. सप्ताहाच्या मांडवात पंगत उठल्यावरची पंधरा मिनिटं मिळाली तर ग्रामसभेपेक्षा जास्त माणसं ऐकतात, हा माझा अनुभव. प्रोजेक्टर नेऊ नका, लाईट जाते.

आम्ही पाराजवळ फक्कीनं दोन रेघा ओढल्या. एक टोळी निघाल्याच्या तारखेची, दुसरी वसतिगृहात पहिलं ताट वाढल्याच्या तारखेची. मधल्या प्रत्येक दिवसाला ज्वारीचा एक दाणा. दाणे मांडून होण्याआधीच मागून एक आजोबा म्हणाले, ‘‘सर, तुमची पयली रेघच चुकली. तुम्ही दिवाळीनंतरचं धरलंय. कर्नाटकच्या कारखान्याची उचल घेतलेले दसऱ्यालाच गेले की.’’

आम्ही तारीख मुकादमांच्या वहीतून घेतली होती आणि त्या मुकादमांत कर्नाटकला जाणारा एकही नव्हता. म्हणजे आमचं अंतर खऱ्यापेक्षा कमी निघत होतं. पुन्हा गेलो, दुरुस्त केलं. कार्यालयात असा आकडा कुणी उघडा पाडला असता तर पुढची पाच वर्षं आमचा कागद कुणी हातात धरला नसता.

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’साठी विस्तारकार्याचे फोटो लागतात, त्याला माझी हरकत नाही. फोटो काढा. फक्त रॅलीचा बॅनर धरलेल्या पोरांचा फोटो म्हणजे लोकसहभाग, असं स्वतःला पटवून घेऊ नका. कॉलेजांना गावांशी जोडणाऱ्या उन्नत भारत अभियानात तुमचं कॉलेज असेल तर किमान पाच गावं जोडलेली असतातच. त्याच गावांत हे काम करा, म्हणजे दोन्ही फायली एकाच फेरीत होतात.

एक पान

दोनशे पानांचा अहवाल करा, तो मागितला तर द्यायला. टेबलावर ठेवायचं ते एकच पान, मराठीत, बारा-तेरा ओळींचं. त्यात काय असावं? अडचण दोन वाक्यांत, शासनाच्याच शब्दांत. मग तुम्हाला सापडलेला एक आकडा, आणि तो किती गावांतून व कसा काढला ते एका ओळीत. मग मागणी. मागणी कधीही ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ अशी लिहू नका, कारण योग्य ती कार्यवाही म्हणजे दप्तरी दाखल. असं लिहा:

‘स्थलांतरित कुटुंबांचे सर्वेक्षण शाळा व्यवस्थापन समितीने सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पूर्ण करावे, प्रस्ताव ३० सप्टेंबरपर्यंत गटशिक्षणाधिकारी कार्यालयात यावेत आणि वसतिगृह दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू व्हावे, असा आदेश मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्या स्तरावर काढता येईल. यासाठी जादा निधी लागत नाही.’

शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. खरं असेल तर सगळ्या पानावर तेच सर्वांत जड वाक्य असतं.

एकच आकडा का म्हणतो? अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीनं १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला. राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा कशात किती मागे, हे पैशांत मोजलं आणि एकूण तूट ३,१८६ कोटी रुपयांवर काढली. पद्धतीवर तेव्हाही वाद झाले, पुढे केळकर समितीनं वेगळी मोजणी केली. पण ‘अनुशेष’ हा शब्द एकदा आकड्यासह हातात आला आणि मराठवाड्यातला आमदार, पत्रकार, चहाच्या टपरीवरचा माणूस, सगळेच तो वापरायला लागले. तोवर ‘अन्याय’ हा एकच शब्द होता, आणि अन्यायाला रुपयांत उत्तर देता येत नाही.

पान दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या: शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पुढच्या खेपेला ‘‘सर, मागे एक निवेदन दिलं होतं’’ असं सुरू केलंत तर शोधाशोधीत दुपार जाईल. आवक क्रमांक सांगितलात तर फाईल निघते. एका कार्यालयात माझा कागद तीन वेळा हरवला. चौथ्यांदा नंबर घेऊन गेलो तर तो कपाटात अगदी वरच होता.

कोणतं दार कधी

आधी खालचं. गटशिक्षणाधिकाऱ्याच्या अधिकारात बसणारी गोष्ट मंत्र्याकडे नेली तर ती फिरून खालीच येते, ‘अहवाल सादर करावा’ असा शेरा घेऊन, आणि खालचा माणूस आता तुमच्यावर नाराज असतो. तालुक्यात हललं नाही तर जिल्हा परिषद. पैशाचा प्रश्न असेल तर जिल्हा नियोजन समिती. तिचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी असतात, पण बैठकीपुढे काय यायचं याची खरी तयारी जिल्हा नियोजन अधिकाऱ्याच्या कार्यालयात होते. तिथं जा.

त्याच्या वर विधिमंडळ. तुमच्या आमदारांना भाषणासाठी मुद्दे देऊ नका, प्रश्न लिहून द्या. तारांकित प्रश्नाला सभागृहात उत्तर मिळतं, अतारांकिताला लेखी. दोन्हीकडे विभागाला माहिती गोळा करावी लागते, आणि ‘हे खरे आहे काय?’ याला ‘अंशतः खरे आहे’ असं छापील उत्तर आलं की तुमचा अभ्यास शासनानं अंशतः मान्य केला. विरोधी बाकावरच्या आमदारालाही तेच पान द्या, आणि दिलं आहे हे पहिल्याला सांगा. लपवलं तर कळतंच.

कधी कधी उलटं होतं. आधी बोभाटा, मग मोजणी. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याबद्दल महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटना बोलत होत्या. २०१९ मध्ये बातम्या आल्या, राष्ट्रीय महिला आयोगानं दखल घेतली, विधिमंडळात विषय निघाला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट आली.

इथं संशोधकानं एक पथ्य पाळायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण ३.२ टक्के होतं. ‘तीन आणि सतरा’ अशी हेडलाईन लगेच सुचते. पण दोन्हीकडचे वयोगट सारखे आहेत का, हे आधी पाहावं लागतं. कारण वय वाढतं तसं हे प्रमाण वाढतंच. फरक मोठा आहे यात शंका नाही. तरी तो नेमका किती, हे वयोगट जुळवून सांगितलं तर समोरचा डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला खोडून काढू शकत नाही.

पत्रकारांबद्दल थोडक्यात: जिल्हा आवृत्तीच्या वार्ताहराला आकडा, गावाचं चित्र आणि बोलणारी दोन माणसं हवी असतात. माणसांची परवानगी आधी घ्या. बातमी छापून यायच्या आदल्या दिवशी संबंधित अधिकाऱ्याला फोन करा. तो चिडतो, पण सकाळी पेपरात वाचून जेवढा चिडला असता तेवढा नाही.

आणि आकडा आपल्या मागणीविरुद्ध निघाला तर? आमच्याकडे दोन गावांत वसतिगृह अगदी वेळेवर सुरू होत होतं. चळवळीतल्या एका मित्राचं म्हणणं होतं, ती दोन गावं गाळा, केस कच्ची होते. गाळली नाहीत, उलट तिथं जाऊन बसलो. दोन्हीकडे मुख्याध्यापकांनी मंजुरीची वाट न पाहता किराणा उधारीवर आणलेला होता. अडचण कुठे आहे ते त्या उधारीच्या वहीनं जेवढं स्पष्ट दाखवलं तेवढं आमच्या बाकीच्या तक्त्यांनी दाखवलं नाही. मग पानावरची मागणी बदलली: नुसती तारीख अलीकडे नको, पहिल्या महिन्याचा पैसा आगाऊ हवा. यासाठी ‘जादा निधी लागत नाही’ हे वाक्य थोडं दुरुस्त करावं लागलं: ‘जादा निधी लागत नाही, आहे तोच एक महिना आधी लागतो.’

आदेश निघाल्यानंतर

आदेश निघाला की सत्कार होतात. शाल घ्या, नारळ घ्या आणि आदेशाची प्रत खिशात ठेवा. आदेशात जे लिहिलंय ते पुढच्या दसऱ्याला होतं का, हे बघणारं दुसरं कुणी नसतं. त्यासाठी मोठा सर्व्हे लागत नाही. प्रत्येक गावात एक माणूस, एक वही, तीन रकाने: पहिला ट्रॅक्टर कधी निघाला, पहिलं ताट कधी वाढलं, पैसे कधी आले. आमच्या वह्या गावातल्या अंगणवाडी ताईंकडे आणि पदवीच्या मुलांकडे असतात. फाटतात, भिजतात, एकीवर कुणीतरी दुधाचा हिशेब लिहिला होता. दिवाळीच्या सुट्टीत त्या गोळा करायच्या, तारखा एका तक्त्यात उतरवायच्या आणि नोव्हेंबर संपायच्या आत तो तक्ता त्याच टेबलावर, जुना आवक क्रमांक वर लिहून, द्यायचा.